मधल्या डबीचा कारभार

तीर्थरूप मामा, साष्टांग नमस्कार (पुढचं शास्त्रोक्त लिहायला गेलो तर वाटेत भलतंच सुचेल). मामींचा गुडघा काय म्हणतो? मी मजेत आहे. दोन वेळा जेवतो, शर्टाला सगळी बटणं आहेत.

ट्रकवरची नोकरी सुटली (दोष ट्रकचा). आता एका मोठ्या रोपवाटिकेत आहे. इथे काचघरांत मुठीएवढ्या रेडिओच्या डब्या टांगल्यात. माती सुकली की एक डबी दुसरीला सांगते, ती तिसरीला, असा निरोप नळापर्यंत जातो. त्यांच्यात म्होरक्या कोणी नाही, आपल्या घरी जेवताना नसतो तसाच. फक्त दोघी एकदम बोलल्या की दोघींचंही वाया जातं. (आपल्याकडे आईचं तरी ऐकू येतं.) म्हणून आधी कान द्यायचा, मग तोंड उघडायचं, तरी टक्कर झालीच तर जरा थांबून पुन्हा बोलायचं.

किती थांबायचं तो आकडा डब्यांत भरायला मला सांगून इथल्या इंजिनियरताई रजेवर गेल्या. मी म्हटलं, दुजाभाव कशाला? सगळ्यांना सारखाच वेळ दिला. झालं! टक्कर झाली की सगळ्या एकदम गप्प, एकदम सुरू, पुन्हा टक्कर. निरोप पोचेना, नळ उघडेना, गुलाबांनी माना टाकल्या. ताई आल्या की तुझा निकाल लावतो, असं मालक म्हणाले. एरवी मी पिशवी उचलली असती, पण गुलाबांकडे बघवेना. झारी घेऊन पाणी घालत बसलो.

ताई आल्या, डब्या बघितल्या आणि हसत खालीच बसल्या. "अरे, इथे न्याय नको. प्रत्येकीने वेगवेगळं थांबायला हवं." मग मालकांना म्हणाल्या, "राहू द्या याला. बिघडवलं, पण पळाला नाही."

शेवटी त्यांनी आणखी एक सांगितलं. दोन टोकांच्या डब्यांना एकमेकींचं ऐकूच येत नाही. दोघींना वाटतं सगळं शांत आहे, आणि दोघी मधलीच्या कानात एकदम ओरडतात. म्हणून आधी मधलीला विचारायचं, बोलू का? ती दुसरीला गप्प करते, मग बोलायचं.

आपला भाचा

ता. क. मामा, मी आणि बाबा तसेच दोन टोकांचे, आणि मधले तुम्ही. मला इथे कायम करतायत. बाबांच्या दुकानात बसायला मी येणार नाही. पण आधी बाबांना विचारा, पोरगा बोलू का म्हणतोय, जरा ऐकून घ्याल का? ते हो म्हणेपर्यंत मी तोंड उघडत नाही.

ता. क. दुसरा. राहवलं नाही. बाबांनाही सगळं लिहून पाकीट मघाशीच पेटीत टाकून आलो. हेही त्याच टपालाने निघेल. तुम्ही खालच्या मजल्यावर आहात, बाबा वरच्या; पोस्टमन दिसला की त्यांच्या आधी दार गाठा.