जिन्यातले नगराध्यक्ष

ता. ३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस. बसलीस? मला नगराध्यक्षांचा अर्धपुतळा करायचं काम मिळालं! तुझ्या जुन्या हॉस्पिटलात, दारासमोर उंच चौथऱ्यावर बसवायचा आहे. ब्राँझमध्ये, मावशी! आजवर मी लोकांच्या बैठकीतल्या आजोबांची डोकी केली. चारचौघांत उभं राहणारं हे पहिलंच काम. हात नुसते शिवशिवताहेत.

पण आईने अबोला धरलाय. आपली गल्ली पाडून ज्याने तिथे हॉस्पिटल बांधलं, त्याचं थोबाड माझीच पोर घडवणार, असं म्हणाली आणि धाडकन दार लावून घेतलं. चहा पुढ्यात ठेवते, पण माझ्याकडे बघत नाही. त्या इमारतीत तिने अजून पाऊल टाकलेलं नाही, हे तुला माहीतच आहे. तुझंही घर तिथेच गेलं आणि नर्सची नोकरीही तिथेच झाली. तूच सांग, माणूस होता कसा? फोटोत नुसता हसतो. तो मेल्यावर सगळे एकतर आरती ओवाळतात, नाहीतर शिव्या घालतात. आईला तोडून मला हे काम नको, आणि सोडवतही नाही.

लोभ आहेच, उत्तर मात्र लगेच हवं.
तुझी,
मातीखाऊ

ता. ११ फेब्रुवारी

चि. मातीखाऊस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी कुंड्यांतली माती खाऊन आईचा मार खायचीस, आता त्याच मातीवर नाव काढणार! पत्र वाचून मी शेजारीण गाठली आणि तिला दोनदा वाचून दाखवलं. काम घे.

आता त्याच्याबद्दल. सभेत आम्ही दोघी बहिणी अगदी पुढे, मान वर करून उभ्या होतो. एकाही घराला हात लागणार नाही, असं तो व्यासपीठावरून म्हणाला. आम्ही टाळ्या वाजवल्या गं! दुसऱ्या सकाळी पाडणारी माणसं आली. तुझ्या आईने शेगडीवर ठेवलेलं दूध तसंच राहिलं. मग कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढली. पण हॉस्पिटल होण्याआधी गावातल्या बाळंतिणी वाटेतच दगावायच्या, आणि त्या हॉस्पिटलात किती जगल्या ते मी याच डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही खरं आहे. एकातून दुसरं वजा होत नाही.

पुढे म्हातारपणी तो माझ्याच वॉर्डात होता. उशी सारखी करताना मी सांगून टाकलं की ही खिडकी आहे ना, तिथे आमची शेगडी होती. त्याने खिडकीकडे मान वळवली. मग म्हणाला, पाडल्याचं वाईट वाटत नाही, पण आदल्या दिवशी खोटं बोललो ते... वाक्य तिथेच सोडलं आणि पाणी मागितलं. मी दिलं. तुझ्या आईला हे सांगायला गेले, तर तिने त्याचं नावही काढू दिलं नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहे तशीच राहील.
तुझी,
मावशी

ता. २९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

घोटाळा झाला, आणि इतका सुंदर घोटाळा माझ्या हातून कधी झाला नव्हता!

तुझं ते अर्धं वाक्य मी त्याच्या ओठांवर ठेवलं. ओली माती घडवंचीवर होती, अगदी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. हा चौथऱ्यावर चढणार आणि लोक त्याला खालून बघणार, हे साफ विसरले. शिकाऊ पोरंसुद्धा असं करत नाहीत. काम देणाऱ्या पुतळा समितीचे लोक आले म्हणून उंचावर चढवला, तर खालून तेच ओठ लबाड दिसायला लागले! समितीची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. जरा हसरा करा म्हणाले.

तेवढ्यात दारात आई. मी विसरलेली किल्ली द्यायला आली होती. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, हाच तो, सभेतला. मावशी, ती माझ्याशी बोलली!

मी आता ओठांना हात लावणार नाही. त्याला हॉस्पिटलच्या जिन्याच्या मधल्या वळणावर बसवा, असा हट्ट धरलाय. दारातून बघा, वळणावर समोरासमोर बघा, वर जाऊन खाली बघा. तुझ्या हाताखाली शिकलेल्या मोठ्या डॉक्टरीणबाई माझ्या बाजूने आहेत. धाकधूक होतेय. आशीर्वाद दे, बाकी मी भांडून घेते.

तुझीच,
मातीखाऊ

ता. १६ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

माझं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या भाचीने बोलून बोलून समितीला गार केलं. काल पुतळा बसला. मी जाणार नव्हते, पण पोरीचं पहिलं काम, पाय घरात ठरेनात.

दारातून वर पाहिलं, तोच लबाड. मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, फार बरं वाटलं. मग जिना चढले. वळणावर तो माझ्याएवढा झाला. काहीतरी बोलायचंय आणि जमत नाही, असं तोंड. मी थांबले. तो बोलेना, म्हणून मीच सांगितलं की शेगडीवर दूध तसंच राहिलं होतं. लोक वळून बघत होते, बघोत. वर पोचून खाली पाहिलं तर टक्कल आणि पडलेले खांदे. किती म्हातारा झाला होता गं हा!

माफ केलेलं नाही, गैरसमज नको. पण मग पोरीने तुझं जुनं पत्र माझ्या हातात ठेवलं. ते वाचून तुझा वॉर्ड शोधत गेले, आता तो बाळंतिणींचा झालाय. खिडकीपाशी, आपल्या शेगडीच्या जागी, एक बाळंतीण गाढ झोपली होती, कुशीत बाळ. मी आवाज न करता दार ओढून घेतलं.

ये आता. जिना दोघी मिळून चढू. जीव लाव तसाच.
तुझी,
धाकटी