ॲडमिनच्या कचरापेटीत

सर, तुमचं फोल्डर सापडलं. शाळेतली जुनी मशीन भंगारात द्यायची ठरली, म्हणून गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरच्या खोलीत बसून एकेक तपासत होते. ॲडमिन म्हणून शिरले, फाईल मॅनेजर उघडला, आणि ॲडमिनची कचरापेटी भरलेली दिसली. तिच्यात ‘वाड्या’. मालकाच्या रकान्यात अजून तुमचंच नाव.

आठवीत तुम्ही मला मराठी शिकवलंत. पुढे मी त्याच शाळेत नोकरीला लागले तेव्हा ही खोलीही तुम्हीच शिकवलीत, कारण तिची चावी घ्यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. पहिल्याच दिवशी मी ॲडमिनच्या अधिकाराने फायली उघडल्या, वर इशाऱ्याची लाल पट्टी आली, आणि तुम्ही मागून म्हणालात, “काय गो बाय, परक्याच्या वाडीत गडगा चढून शिरतेस? आधी मालक कोण ते बघ.” मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

पुढे एकदा शाळेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मी सामाईक फोल्डर साफ करत होते. शाळा सोडून गेलेल्या मुलांची फोल्डरं, प्रत्येकावर कुलपाचं चिन्ह, प्रत्येकाचा मालक वेगळा. एकेक कोण बघणार? ॲडमिन झाले, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सगळी निवडली आणि काढून टाकली. तुमचं मध्येच कुठेतरी होतं. दोन दिवसांनी तुम्ही विचारता, “बाय, माझं फोल्डर दिसत न्हाय. तू काय हलवलंस?” मी म्हणते, “नाही सर.” तुम्ही तुमची कचरापेटी उघडता. रिकामी. तुम्ही गेल्यावर मी माझी उघडते. तीही रिकामी.

कितीतरी सुट्ट्या दिवेआगरच्या वाड्यांतून हिंडून तुम्ही लिहून आणलं होतंत: कुठला माड कोणी लावला, कुठली पोफळ कोणाच्या जन्माची. मशीनवर उतरवलं की कागद फाडून टाकायचात. “माझ्याच हातनं गेलं असणार,” असं तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात आणि खोलीची चावी माझ्या टेबलावर ठेवलीत. त्यानंतर तुम्ही हजेरीसुद्धा दोनदा तपासायला लागलात. मग वादळ झालं, वाड्या आडव्या झाल्या. माणसं तुमच्या ओटीवर यायची. “सर, आमच्या वाडीचं लिवलं व्हतंत ना तुमी?” तुम्ही हात जोडायचात.

ॲडमिन म्हणून टाकलेलं ॲडमिनच्याच कचरापेटीत जातं, हे मला आत्ता कळलं. तुम्हाला ते तेव्हाही ठाऊक असणार. मी तेव्हा ‘हो’ म्हटलं असतं तर तुम्ही खुर्ची ओढून दोन मिनिटांत ते जागेवर ठेवलं असतंत. मला बोलला असतात, एवढंच.

रविवारी सगळं पेन ड्राइव्हवर घेऊन तुमच्या घरी काकूंकडे गेले. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. “कुठं होतं गो इतकी वर्षं?”

“मशीनमध्येच होतं, काकू.”

“शेवटपर्यंत म्हणायचे, माझं डोकं चालत न्हाय आता.” त्यांनी चहा टाकला. मी तो प्यायले.

हे पत्र मी तुमच्या फोल्डरमध्येच ठेवते आहे. तिथे लिहायची मला परवानगी नव्हती, म्हणून पुन्हा ॲडमिन झाले. तुमच्या नावाच्या सगळ्या ओळींखाली ही एक ओळ वेगळी दिसते, मालक ॲडमिन. माझं नाव तिथेही नाही. उद्या टेम्पो येऊन मशीन घेऊन जाईल. काकूंच्या पेन ड्राइव्हवर हे पत्र मी घातलेलं नाही.