पत्रकातली गुहा

चि. आपिसाई,
सुवा शहरातल्या इस्पितळातून थोरल्या भावाचे आशीर्वाद.

डोळ्याची पट्टी निघाली, काळजी नको. तिकडे गावी तुझ्या वहिनीचे गुडघे कसे आहेत?

पट्टी निघताच नर्सने पर्यटकांसाठी छापलेलं पत्रक पुढे धरलं. "आजोबा, हे तुमचंच गाव ना? आम्ही सुट्टीत चाललोय!" पांढरी वाळू, धबधबा, शाळेतल्या कवितेसारखं सगळं सुरेख. आणि खाली पूर्वजांच्या अस्थींची गुहा. तिच्या तोंडाशी हसत उभा तू.

तिथे आपणही यंगोनाची मानाची मुळी पूर्वजांना वाहून, परवानगी मागूनच पाऊल टाकतो. परक्याला वाट दाखवणार नाही, असा वडिलांना शेवटच्या घटकेला शब्द दिला होता आपण दोघांनी.

नर्सला म्हटलं, "पोरी, अशी गुहा आमच्याकडे नाहीच."

आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्या पूर्वजांना नाकारलं, तुझी लाज झाकायला.

तरीही तुझाच,
दादा विलिकेसा