ताईचा वाकडा सुळा

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

माझे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढले आणि दातांबरोबर तोंडही गेलं. गाल आत गेलेत, ओठ सापडत नाहीत, आणि नाक व हनुवटी एकमेकांना भेटायला निघालीत. सकाळी आरशात बघितलं की कुणी वडीलधारं आलंय म्हणून मीच पदर सावरते.

हसण्यावारी नेलं असतं, पण यांचं विसरणं तुला ठाऊक आहे. वार विसरतात, जेवलेलं विसरतात, पण मला आजवर विसरले नव्हते. परवा त्यांनी मला आजी म्हणून हाक मारली आणि कुणाकडे आलात म्हणून विचारलं. डॉक्टर म्हणतात, कवळी बसली की चेहरा भरेल, मग कदाचित ओळखतील. माझ्या जबड्याचे साचे त्यांनी तुझ्याकडे पाठवलेत. चाळीस वर्षं जगाच्या कवळ्या करतोयस, आता बहिणीची कर.

आणि हे बघ, शेजारच्या दातावर चढून बसलेला माझा तो डावा सुळा, ज्यावरून तू मला जन्मभर सुळेबाई म्हणून छळलंस, तो नको. पासष्टीला तरी मला सरळ दात मिळू देत.

दात नसले तरी आशीर्वाद शाबूत आहेत.
तुझी ताई

२२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कवळी सोबत पाठवतोय. सगळे दात रांगेत उभे केलेत, एकही आगाऊ नाही.

चेहऱ्याचं मनावर घेऊ नकोस. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं आणि गालांचा आधार जातो, एवढंच. माझे दात जागेवर असून मी काय दिवे लावलेत? कान वाढताहेत, भुवया डोळ्यांत येतात, नाक तर वेगळा संसार थाटायच्या बेतात आहे. गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये समोरच्या म्हाताऱ्याला आधी बाहेर पडू द्यावं म्हणून अदबीने थांबलो. तो आरसा होता. दार लागलं आणि आम्ही दोघंही परत वर गेलो.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या लोभाची पकड कवळीहून घट्ट असू दे.
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कवळी अप्रतिम झालीय. शेजारीण म्हणाली की मी दहा वर्षांनी तरुण दिसते. दिवसभर मी विनाकारण हसत फिरले, गॅसवाल्याकडे बघून हसले, भाजीच्या पिशवीकडे बघूनसुद्धा.

यांनी मला बघितलं, उठून उभे राहिले आणि बसायला खुर्ची दिली. अहोजाहो केलं. आमची मंडळी बाहेर गेलीय, येईलच एवढ्यात, असं म्हणाले. तेव्हापासून रोज बायकोची वाट बघत ताटावर बसून राहतात. ती आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणतात, आणि मी समोरच बसलेली असते. मीच ती, असं एकदा ओरडून सांगितलं तर घाबरले. दोन किलो उतरलेत रे.

छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली त्यांनी. ओळीत एक वाकडं अक्षर असलं की नजर तिथेच जायची. माझ्या तोंडातही ते तेच बघत असणार, हे मला आज कळतंय. माझा सुळा मला परत दे. पण नमुना कुठून आणणार? प्रत्येक फोटोत मी तोंड घट्ट मिटून बसलेय, नटवी कुठली. आता सगळं तुझ्या आठवणीवर आहे. लवकर कर, तो माणूस उपाशी बसतोय.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो नकोच. तुला चिडवायला पाटीवर, वहीवर, भिंतीवर तो सुळा मी इतक्यांदा काढलाय की डोळे मिटून जमेल असं वाटलं होतं. पण हाताला दात सरळ लावायची खोड. दोनदा बसवला, दोनदा आपोआप सरळ झाला. तिसऱ्यांदा तुझ्याशी मनातल्या मनात भांडत बसवला, तेव्हा जमला. बायकोने बघून विचारलं की तुम्हाला आता दिसेनासं झालंय का. जरा पिवळट आणि झिजका ठेवलाय, तुझ्या वयाला शोभेल असा.

चिडवल्याबद्दल माफी मागत नाही. पण त्यांनी ओळखलं नाही तर लगेच कळव. मी येतो. एकटी रडत बसू नकोस.

धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

नवी कवळी घातली, ताट वाढलं आणि समोर बसून मीच जेवायला लागले. हसले मुळीच नाही. यांनी वर बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग मुद्रितातल्या चुकीवर ठेवायचे तसं बोट माझ्या सुळ्यापाशी आणलं आणि किती उशीर केलास म्हणाले.

जेवता जेवता तक्रारही केली. कुणी एक बाई रोज येऊन बसते म्हणे, दात फार सुरेख, पण स्वभाव तापट. तिला त्यांनी स्पष्ट सांगितलंय की मंडळी आल्याशिवाय जेवणार नाही. मी म्हटलं, बरं केलंत. दोनदा भात मागून घेतला त्यांनी. उद्याचं मला माहीत नाही, पण आज जेवले.

हात धुऊन आल्यावर त्यांनी मला पुन्हा निरखून बघितलं आणि म्हणाले, किती म्हातारी झालीस गं. एरवी असं म्हणाले असते तर मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नसते. पण परक्या बाईला कुणी असं म्हणत नाही रे. मी इतकी रडले की कवळी निसटली.

सरळ दातांची कवळी डब्यात घालून माळ्यावर टाकलीय. लोभ आहे तसाच वाकडा राहू दे.

तुझी,
सुळेबाई