मागच्या नांगरासह माझ्या मिळकतीची व्यवस्था

मी केसरीनाथ गोमा तरे, वय वर्षे ६९, राहणार काल्हेर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हा कागद स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचे दोन डॉक्टरांचे दाखले सोबत जोडले आहेत. एक पुरला असता, पण पहिला डॉक्टर माझा मुलगा भावेश याच्या ऊठबशीतला निघाला. कागद मी हाताने लिहिला आहे. टाइप करायला दिला असता तर संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाने वाचला असता.

१. राहते घर माझी पत्नी गोदूबाई हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील, नंतर भावेशकडे जाईल. गोदूबाईने कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. मुलगा "आई, लाइट बिलाचं आहे" म्हणाला तरी देऊ नये.

२. वडपे गावातल्या गोदामाचे भाडे गोदूबाई व भावेश या दोघांत निम्मे. गोदामाच्या तीन किल्ल्या आहेत असे सगळ्यांना वाटते. चार आहेत. चौथी कुठे आहे ते गोदूबाईला ठाऊक आहे.

३. बँकेतील ठेवी गोदूबाईच्या.

४. खाडीवरची फायबरची होडी भावेशला. ही होडी मी जमीन विकल्यावर निव्वळ हौसेसाठी घेतली. तिने कधी एक मासळीही धरलेली नाही. अट एकच. तिचा मागचा नांगर रुंद पात्यांचाच राहील व दोरीच्या आधी साखळी राहील. कारण पुढच्या कलमात आहे. ते लिहायला मला पाच दिवस लागले.

५. आमची होडी पुढून खाडीकाठच्या पायऱ्यांवरील लोखंडी कड्याला बांधलेली असते. मागे नांगर टाकावा लागतो, नाहीतर पाणी फिरले की होडीची पिछाडी फिरते व दगडी पायऱ्यांवर आदळते. होडी घेतली तेव्हा मागचा नांगर कोणता घ्यावा यावर माझा धाकटा भाऊ दौलत म्हणाला, "दादा, आपले खाडीन नुसता चिखल हाय. चार दातांचा नांगर चिखलान धरत न्हाय. पात्यांचा घे, आन साखली लाव."

दौलतने जन्मभर खाडीत जाळी टाकली. त्याला विचारायचे नाही तर कोणाला? पण त्याने दुकानाचे नावही सांगितले आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. दुकानदाराकडून याला काहीतरी सुटत असणार. मी मुद्दाम दुसऱ्या दुकानातून चार दातांचा नांगर आणला.

२००३ सालच्या नारळी पौर्णिमेला, उधाणाच्या पाण्यात, पिछाडी फिरली. दौलत पायरीवर उभा राहून होडी हाताने थोपवायला गेला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे होडी आणि दगड यांच्यात सापडली ती गेलीच.

मी काय केले? दोरी तपासली. ती सैल दिसली. आपले म्हणणे खरे करून दाखवायला यानेच ती सोडली, असे मी गावकीत चारचौघांत बोललो. दौलत उठून घरी गेला, ते मला कबुलीसारखे वाटले. तेव्हापासून बोलणे बंद. गोदूबाई एकदा म्हणाली, "भावाचा हात गेला, आन तुमी दोरी बघता." तिलाही दौलतच्या घरून कोणी भरवले असेल असे मला वाटले.

पिछाडी त्यानंतरही उधाणाला अधूनमधून फिरायचीच. गेल्या महिन्यात अमावास्येच्या उधाणाला मी दोरी सोडणारा माणूस पकडायचाच म्हणून सकाळपासून दुर्बीण घेऊन ओट्यावर बसलो. दुपारी ओहोटी लागली. होडीजवळ चिटपाखरू नव्हते. तरी पिछाडी फिरली व पायऱ्यांना लागली. खाली जाऊन दोरी ओढली. गाठ मी मारली तशीच घट्ट होती. नांगर चिखलातून नुसता सरकत आला होता, म्हणून दोरी सैल. मला रडू आले. कोणी बघत नाही याची खात्री करून मी रडलो.

दुसऱ्या दिवशी दौलतच्या दारात गेलो व होडी तुझ्या नावावर करतो म्हणालो.

"मना होडी नको," तो म्हणाला. "तू बोललास तवा चारचौघं व्हते. आता लिव, म्हंजे चारचौघांना वाचता यील. आन त्यो नांगर आजच काढ. नातवंडं बसतान त्या होडीन."

त्याच दिवशी दोघे भिवंडीला गेलो. त्याने सांगितलेल्या त्या दुकानात दुकानदाराने दौलतला ओळखलेही नाही. नांगर दौलतने निवडला. मी बाहेर येऊन शेजारच्या दुकानात भाव विचारला. ही सवय आता माझ्याबरोबरच जाईल.

म्हणून सर्वांना वाचता यावे असे लिहितो. त्या दिवशी दोरी दौलतने सोडली नाही. ती कोणीच सोडली नाही. चुकीचा नांगर मी आणला, भावावर संशय घेऊन आणला, आणि त्याची बोटे माझ्यामुळे गेली.

६. दौलतला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. दौलतने साक्षीदार होणे पसंत केले.

ठिकाण: काल्हेर
दिनांक: २३ नोव्हेंबर २००८

लिहून ठेवणार: केसरीनाथ गोमा तरे (सही)

साक्षीदार १: सावळाराम पांडू मढवी, शेजारी (सही). यांनी कागद न वाचता सही केली, ते मला आवडले नाही.

साक्षीदार २: दौलत गोमा तरे (सही). यांनी कागद दोनदा वाचला.

साक्षीदार क्रमांक २ यांची सही डाव्या हाताने केलेली असल्यामुळे वाकडी आहे. ती त्यांचीच आहे व माझ्या डोळ्यांदेखत झाली आहे. तिच्याबद्दल कोणीही शंका घेऊ नये.