खंडेनवमीचे आठ मिलिमीटर

प्रिय अश्विनी,

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता बसलेय तर सुरुवातच होईना. मोबाईल असून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं "हां, बोल" म्हणालीस तरी माझं अवसान गळेल. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहेत, हसून घे.

काल तुझ्या आईचा, कडूबाई मावशींचा फोन आला. तू श्रीगोंद्याला बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतेस, पोरं तुझ्यावर जीव टाकतात, हे सगळं कौतुकानं सांगून झालं. मग म्हणाल्या, "पन यंत्राचं नाव न्हाई काढीत ती आता. सुकन्ये, तू तिथं हुतीस. आमच्या पोरीचं खरंच चुकलं हुतं का गं?" मी "रेंज नाही मावशी" म्हणून फोन ठेवला. रेंज फुल होती.

आपण काष्टीहून इथं गुजरातेत आलो तेव्हा मावशींना आपलं काम तूच समजावलं होतंस. चुंबकांच्या पिंजऱ्यात कोंडलेला, कोट्यवधी अंश तापलेला प्लाझ्मा, त्यात सारखे उठणारे भोवरे, आणि आतली उष्णता बाहेर पळवणारे तेच चोर. पण शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या वेगानं धावू लागले की भोवरे फाटतात. "आई, शनिवारच्या बाजारात आपण हात धरून चाललोय आन् एक रांग इकडं, दुसरी तिकडं पळाया लागली, तर हात सुटंलच की," असं तू म्हणाली होतीस. भोवरे फाटले की तिथं एक पातळसा शांत थर तयार होतो आणि उष्णतेला अडवतो. त्या अडसराची जागा नेमकी शोधायची, एवढंच आपल्याला करायचं होतं.

तू सूक्ष्मलहरी आत सोडून त्या परत कशा येतात यावरून भोवरे मोजायचीस, मी आत सरकवलेल्या सळईनं. मला अडसर कडेला सापडला, तुला त्याच्या आठ मिलिमीटर आत. काय भांडलीस तू! "बया, त्यो आत हाय, तू कडंला काय हुडकतीस?" बैठकीत आपल्या गटप्रमुख सरांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, अश्विनीच्या उपकरणाची जुळणी चुकलीय. मी तपासलं नव्हतं, फक्त म्हणाले. तुझा करार वाढला नाही, माझा शोधनिबंध छापून आला. तुला निरोप द्यायला मी स्टेशनवर आले नाही, तेही त्याचमुळे.

गेल्या आठवड्यात खंडेनवमी झाली. पूजेची मांडणी आठवेना म्हणून आपल्या शेवटच्या खंडेनवमीचा फोटो मोबाईलवर शोधून उघडला. त्या दिवशी सळईची दांडी मीच मागे ओढून हळदीकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि परत आत सरकवली होती. नोंदवहीही पूजेत होती. पूजेतल्या वहीत लिहायचं नाही, म्हणून लिहिलं नाही, आणि दसऱ्यानंतर सळई किती आत आहे त्याचा जुनाच बावीस मिलिमीटरचा आकडा पुढे उतरवत गेले. फोटो सळई परत सरकवल्यानंतरचा होता, तो मोठा करून पाहिला. माळेखाली दांडीच्या मोजपट्टीवर तीस दिसतंय.

त्या दसऱ्यानंतरची माझी सगळी मोजमापं आठ मिलिमीटर आत सरकवली. एकूण एक आलेख तुझ्या आलेखावर जाऊन बसला. सर म्हणाले, छोटीशी दुरुस्ती छापू, जुनं उकरायला नको. आणि मी मान डोलावली, अश्विनी. पाच दिवस मी त्या डोलावलेल्या मानेनं हिंडत होते.

आज सकाळी संस्थेच्या समितीला पत्र दिलं. चूक माझी, ती कशी झाली, सोबत फोटो, आणि अडसराची खरी जागा आधी अश्विनीनं सांगितली होती, एवढं स्पष्ट लिहिलं. इथं माझं काय व्हायचं ते होवो. प्रत जोडली आहे. तुझ्याकडे माफी मागायला मला तोंड नाही. एकच कर. मावशींना समोर बसव आणि एवढं वाचून दाखव: न्हाई मावशी, तुमच्या पोरीचं चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं, आणि काल फोन ठेवताना मला ते ठाऊक होतं.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
सुकन्या