जास्वंदीवरच्या पाखराचं नाव

माय, लाखांदूरकडच्या आपल्या घरी चुलीमागच्या खिडकीशी जास्वंद होती, आणि तिच्यावर ते इवलंसं, वाकड्या चोचीचं पाखरू यायचं. भाताची पेज काढता काढता तू त्याला नावानं हाक मारायचीस. मग गोष्ट. एका तान्ह्या पोरीला दूध पुरलं नाही, ती गेली. देवानं तिला पंख दिले, तिचं दूध फुलाफुलांत ठेवलं, म्हणून पाखराला तिचं नाव.

पाचवीत गुरुजींनी हमिंगबर्डचं चित्र दाखवलं, तर मी उभी राहून ते नाव ठणकावून सांगितलं. सारा वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "हे अमेरिकेतलं आहे पोरी, मागे सुद्धा उडतं. आपल्याकडचा तो शिंजीर." घरी येऊन मी तुझ्यावर खेकसले. तू झारा खाली ठेवलास.

"मांगं उडते म्हनतेस? मंग वापस बी येत असन."

मला हसू आलं. अडाणी माय, दुसरं काय.

तुझ्या तेरवीच्या दिवशी पंगत बसली होती. जास्वंदीवर पाखरू आलं आणि सवयीनं मी नाव घेतलं. वाढता वाढता मावशी थांबली.

"हे नाव तुले कोनं सांगतलं?"

"मायनं. त्या पाखराचं."

"पाखराचं कायचं? तुह्या मोठ्या बहिनीचं होय ते. बसाले बी नव्हती लागली, तं गेली. मेल्या लेकराचं नाव घरात घेतलं तं मांगून झालेलं लेकरू जगत नाही, म्हनून तुह्या आजीनं सारायले बंदी केली होती."

तिच्या मागून झालेलं लेकरू म्हणजे मी. मला बहीण होती याचा धक्का बसलाच, पण त्याहून मोठा धक्का तुझा होता. तूही ते मानत होतीस, माय. माझ्या साध्या तापातही मीठमोहऱ्या ओवाळणारी तू, मी समोर जेवत असताना रोज ते नाव घेत होतीस. पाखराच्या आडून घेतलं तर चालतं, असं कुणी सांगितलं होतं तुला? आणि चाललं नसतं तर? इतकी वर्षं झाली, हा राग अजून उतरत नाही, आणि तुला जवळ घ्यावंसंही वाटतं.

परवा नातीनं खिडकीतून बोट दाखवलं, "आजी, ते कोणतं पाखरू?"

मी शिंजीर म्हणाले. शिकले, सवरले, पण लेकरू मांडीवर असताना ते नाव घ्यायला माझी जीभ रेटली नाही. इथंही मी ते लिहिलेलं नाही.